हंगेरीच्या राणीला मागणी कोणी घातली?

युडीकोलनच्या घड्या कपाळावर कधी पडल्याच नाहीत, अशी पिढी आता स्वतः आईबाप झाली आहे. त्याआधीच्या घरांत ताप चढला की वाटीभर गार पाण्यात त्या बाटलीतले चार थेंब पडत आणि रुमालाची घडी उलटसुलट करून कपाळावर ठेवली जाई. त्या वासात काय काय मिसळलेलं असतं, याचा नाद मला फार जुना. वरची लिंबू-संत्र्याची साल कोणालाही ओळखू येते. नारिंगाच्या फुलांचा गोडवाही थोड्या सरावाने कळतो. पण त्यांच्या पाठीमागे आणखी एक वास असतो, कोरडा, कापराच्या अंगाने जाणारा, नाक मोकळं करणारा. तो रोझमेरीचा. त्याचा माग काढत गेलं की माणूस कोलोन शहरात थांबत नाही. तो आणखी मागे, हंगेरीच्या एका राणीपाशी आणि एका चांगल्याच संशयास्पद कागदापाशी जाऊन पोचतो. माझा मुक्काम त्या कागदापाशी जास्त पडला. लेखाचा तोलही तिकडेच झुकला आहे, त्याला इलाज नाही.

रोझमेरी म्हणजे काय, हे आता सांगायला नको. पास्त्यावर भुरभुरण्यापासून केसांना चोपडण्यापर्यंत ती घराघरांत पोचली आहे. झुडूप मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, कुळ तुळस-पुदिन्याचं. फुलोऱ्यावर आलेले शेंडे भट्टीत भरायचे, खालून वाफ सोडायची, वाफ निववली की पाण्यावर तेलाचा तवंग येतो. तेलाची जात मुलुखागणिक बदलते. मोरोक्को-ट्युनिशियाच्या तेलात सिनिओल नावाचं द्रव्य निम्म्याच्या आसपास असतं. हेच द्रव्य आपल्या निलगिरीच्या तेलात त्याहून जास्त असतं. स्पेनच्या तेलात कापराचं प्रमाण चढं, तर कॉर्सिकाच्या तेलात व्हर्बेनोन हे तिसरंच द्रव्य पुढे येतं. शिवाय टर्पेंटाइनमध्ये सापडणारं पायनीन सगळीकडेच. म्हणजे निलगिरी, कापूर आणि टर्पेंटाइन या तिन्ही स्वस्त गोष्टी रोझमेरीच्या अंगातच मुरलेल्या आहेत. भेसळ करणाऱ्याला रान मोकळं! नुसत्या नाकाने ती पकडणं मुरलेल्या अत्तरवाल्यालाही जड जातं.

आता तो कागद. गोष्ट सांगणारा माणूस जाँ प्रेव्हो, इटलीतल्या पादुआ विद्यापीठात वैद्यक शिकवणारा प्राध्यापक. तो १६३१ साली वारला. त्याच्या निवडक औषधांचं एक छोटं लॅटिन पुस्तक मुलांनी त्याच्या पश्चात, सतराव्या शतकाच्या मध्याला छापलं. त्यात प्रेव्हो सांगतो की १६०६ साली त्याचा मित्र फ्रान्सिस पोदोकातारो याने त्याला एक फार जुनी प्रार्थनापोथी दाखवली. पोदोकातारो हे सायप्रसमधलं बडं सरदार घराणं. याच घराण्यातला एक वैद्य पंधराव्या शतकात पोपच्या पदरी होता आणि पुढे कार्डिनल झाला. १५७१मध्ये सायप्रस तुर्कांकडे गेलं, तेव्हा तिथली अनेक घराणी चीजवस्तू आणि आठवणी घेऊन व्हेनिसच्या मुलखात आली. तर ही पोथी आपल्या एका पूर्वजाला हंगेरीच्या संत एलिझाबेथ राणीने मैत्रीची खूण म्हणून दिली, असं हा सरदार सांगत होता आणि ती देवासारखी जपत होता. पोथीच्या सुरुवातीलाच राणीच्या स्वतःच्या हातचा म्हणून एक मजकूर होता.

मजकुराचा आशय असा. मी हंगेरीची राणी एलिझाबेथ, वय ७२, गाऊटने जर्जर झाले होते. एका वृद्ध संन्याशाने मला ही कृती दिली. त्याला मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही कधी पाहिलं नाही. वर्षभर औषध घेतलं, दुखणं गेलं, ताकद परत आली आणि रूप असं खुललं की पोलंडच्या राजाने मला लग्नाची मागणी घातली. तो विधुर, मी विधवा. येशूवरच्या प्रेमापोटी मी नकार दिला, कारण औषध देणारा तो संन्यासी देवदूतच असावा, अशी माझी खात्री आहे.

यापुढे कृती. चार वेळा गाळलेला मद्यार्क तीन भाग, रोझमेरीचे शेंडे आणि फुलं दोन भाग. दोन्ही तोंड बंद केलेल्या भांड्यात, मंद उबेवर पन्नास तास ठेवायचं आणि मग भट्टीतून काढायचं. आठवड्यातून एकदा सकाळी चमचाभराहून किंचित कमी पोटात घ्यायचं आणि रोज सकाळी तोंड व दुखरा अवयव त्याने धुवायचा.

कृतीत खोट काढता येत नाही. रोझमेरीतलं सिनिओल, कापूर, बोर्निओल हे सगळं मद्यार्कात झटकन उतरतं. पन्नास तास उबेत मुरलं आणि मग भट्टीतून निघालं की हाती येणारं पाणी स्वच्छ, झणझणीत आणि टिकाऊ असतं. ही राणी ज्या चौदाव्या शतकातली मानतात, तेव्हा एवढा कडक मद्यार्क मिळत नव्हता, असंही म्हणायची सोय नाही. बोलोन्यात तेराव्या शतकाच्या अखेरीस ताद्देओ आल्देरोत्ती हा वैद्य पुन्हा पुन्हा गाळून मद्यार्क कडक करण्याची पद्धत लिहून गेला होता. आपल्याकडे कनौजचे अत्तरवाले चंदनाच्या तेलात फुलं उतरवतात. युरोपने मद्यार्काची वाट धरली आणि त्या वाटेवर नाव मिळवलेलं पहिलं सुगंधी पाणी हेच. पाणी खरं, यात वाद नाही. प्रश्न आहे तो राणीचा.

हा प्रश्न अठराव्या शतकात योहान बेकमान या गृहस्थाने नीट हाताशी घेतला. हा ग्योटिंगेनचा प्राध्यापक, कारागिरीच्या आणि शोधांच्या इतिहासाचा वेडा. घड्याळं, ट्यूलिप, बनावट मोती यांच्या जन्मकथा तो एका प्रचंड ग्रंथमालेत तपासत गेला. राणीच्या पाण्यावर त्याने एक स्वतंत्र टिपण लिहिलं. अशा माणसांवर माझा फार जीव आहे. जग ज्या गोष्टीची मजा घेत असतं, तिचा जन्मदाखला मागायची त्यांना खोड असते. तोवर या कथेला आणखी एक शेपूट फुटलं होतं: मूळ कागद सुवर्णाक्षरी असून व्हिएन्नाच्या शाही ग्रंथालयात जपून ठेवला आहे. बेकमानला ते पटलं नाही. एखाद्या औषधविक्याने मालाला वजन यावं म्हणून राणीचं नाव चिकटवलं असावं, असा त्याचा कयास.

मी वंशावळ उघडली, तेव्हा बेकमान फारच सौम्य वाटला.

प्रेव्हो राणीला संत म्हणतो. हंगेरीची संत एलिझाबेथ प्रसिद्ध आहे, पण ती राजकन्या. थुरिंजियाच्या सरदाराला दिलेली, १२३१ साली ऐन चोविशीत वारलेली. ७२ वर्षांच्या गाऊटशी तिचा संबंध नाही. म्हणून पुढच्या लेखकांनी दुसरी एलिझाबेथ शोधली. ती पोलंडचा राजा व्लादिस्लाव याची मुलगी, १३०५ची, हंगेरीच्या चार्ल्स रॉबर्टची राणी. नवरा १३४२मध्ये गेला आणि ती १३८०पर्यंत जगली. विधवा आहे, वयही जुळतं. बाजाराने हीच राणी पक्की केली, आणि आजही बाटल्यांवर बहुधा हीच असते.

आता मागणी घालणारा पोलंडचा राजा पाहू. १३२०मध्ये या एलिझाबेथचं लग्न झालं, त्याच वर्षी तिच्या वडिलांना राज्याभिषेक झाला. ते १३३३पर्यंत राजे होते. त्यांच्यानंतर १३७०पर्यंत तिचा सख्खा भाऊ कॅसिमिर. त्याला वारस नव्हता, म्हणून १३७०पासून राजा झाला तो तिचा पोटचा मुलगा लुई, आणि तो तिच्या मृत्यूनंतरही गादीवर होता. म्हणजे तिच्या लग्नापासून मरणापर्यंत पोलंडला तीनच राजे झाले: बाप, भाऊ आणि मुलगा. राणी ७२ वर्षांची झाली १३७७मध्ये. तेव्हा मागणी घालणारा विधुर कोण, हे वाचकानेच ठरवावं!

बरं, ते वर्षही रूप खुलण्याचं नव्हतं. मुलगा हंगेरीत रमलेला, म्हणून पोलंडचा कारभार या म्हातारीवर सोपवलेला होता. १३७६च्या डिसेंबरात क्राकोव शहरात दंगल उसळली, तिच्या हंगेरियन परिवारातली शंभरावर माणसं कापली गेली आणि तिला हंगेरीत परतावं लागलं.

आणि मजकूर ‘स्वतःच्या हातचा’ आहे, यावर तर कडी आहे. १७ एप्रिल १३३० रोजी व्हिशेग्राडच्या किल्ल्यात राजकुटुंब जेवायला बसलं असताना फेलिशियन झाख नावाचा सरदार तलवार उपसून आत घुसला. राणीच्या भावाने, म्हणजे याच कॅसिमिरने, झाखच्या मुलीची अब्रू घेतली आणि राणीची त्याला फूस होती, असा प्रवाद होता. राजा थोडक्यात बचावला. राणीच्या उजव्या हाताची चार बोटं तुटली. झाखचे तिथेच तुकडे झाले आणि त्याच्या अख्ख्या घराण्याला हाल हाल करून संपवलं गेलं. उजव्या हाताला एकच बोट उरलेल्या या बाईने पुढे सत्तेचाळीस वर्षांनी सुवर्णाक्षरांत औषधाची कृती लिहिली, असं मानायचं असेल तर मानावं. लेखनिकाला सांगून लिहवली असेल, ही पळवाट आहे, पण मग ‘स्वहस्ताक्षर’ गेलं.

कागद बनावट आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. प्रेव्होने तो रचला असेल असं मात्र मला वाटत नाही. सरदाराने विश्वासाने दाखवलं, त्याने विश्वासाने टिपून घेतलं. ज्याने कोणी मूळ मजकूर लिहिला त्याला इतिहास येत नव्हता, पण गिऱ्हाईक कळत होतं. वय सांगितलं, दुखणं सांगितलं, वर्षभर चिकाटीने वापरा हेही सुचवलं, आणि गुण आला याचा पुरावा म्हणून थेट राजाची मागणी दिली. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची इतकी नेटकी जाहिरात त्या शतकात दुसरी मला ठाऊक नाही.

लोकांनी ती उचलून धरली. फ्रान्समध्ये मोंपेलियेचं हंगेरी पाणी नावाजलं गेलं. पत्रलेखिका मादाम द सेव्हिन्ये १६७५च्या पत्रात लेकीजवळ त्याची तारीफ करते, ते खिशात बाळगते. पेरोच्या १६९७मधल्या निद्रिस्त राजकन्येच्या गोष्टीत राजकन्या निपचित पडते, तेव्हा तिच्या कानशिलांना हेच पाणी चोळलं जातं. गुण येत नाही, हे पेरोने प्रामाणिकपणे सांगितलं आहे.

मग कोलोन आलं. इटलीहून आलेल्या फरिना घराण्याने १७०९मध्ये तिथे पेढी काढली आणि योहान मारिया फरिनाच्या पाण्याने लिंबू-बर्गमोटचा ताजेपणा पुढे आणला. जाहीर झालेल्या बहुतेक कोलन-कृतींत रोझमेरी राहिली, पण मागच्या रांगेत. फरिना या नावावरचं भांडण स्वतंत्र लेखाच्या लायकीचं आहे. विल्हेल्म म्यूलहेन्सने १८०३मध्ये मूळ घराण्याशी संबंध नसलेल्या एका फरिनाकडून नाव विकत घेतलं, पुढे इतरांना विकलंही. कोर्टकज्जे होत होत अखेर १८८१मध्ये त्याच्या नातवाने नाव सोडून घराच्या क्रमांकावर, ४७११वर, धंदा उभा केला.

मला महत्त्वाची वाटते ती १८१०ची गोष्ट. तोवर ही पाणी पोटात घ्यायची औषधं म्हणूनही विकली जात. त्या वर्षी नेपोलियनने फर्मान काढलं: गुप्त औषधांची कृती सरकारला उघड करून सांगा. कोलोनच्या व्यापाऱ्यांनी कृती सांगण्याऐवजी आमचा माल औषध नव्हेच, तो फक्त सुगंध आहे, असं जाहीर केलं. शेकडो वर्षांचं औषध एका सरकारी कागदाने अत्तर झालं.

उलटा प्रवास विसाव्या शतकात घडला. लियाँच्या अत्तरधंद्यातला रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे याने १९३७च्या पुस्तकाने ‘अरोमाथेरपी’ हे नाव रूढ केलं. १९१०मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजलेला हात त्याने शेजारच्या लव्हेंडर तेलाच्या पिंपात खुपसला आणि तो बरा झाला, अशी कथा सगळीकडे ऐकू येते. त्याने स्वतः लिहिलं आहे ते वेगळं. जखमा चिघळून गँगरीन झालं, तेव्हा त्याने विचारपूर्वक लव्हेंडरच्या अर्काने त्या धुतल्या. खरी हकीकत जास्त उपयोगाची आहे, पण पिंपाची गोष्ट जास्त खपते.

रोझमेरीबद्दल हाती काय आहे? इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रिया विद्यापीठात २००३मध्ये १४४ जणांवर प्रयोग झाला. रोझमेरीच्या वासात बसलेल्यांची स्मरणाची गुणवत्ता थोडी सुधारली आणि वेग थोडा मंदावला. पहिला निम्मा भाग जाहिरातीत येतो, दुसरा येत नाही. केसांसाठी दाखला दिला जातो तो इराणमधल्या २०१५च्या अभ्यासाचा. टक्कल पडू लागलेले शंभर पुरुष होते. निम्म्यांना रोझमेरी, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस किंचित वाढले, फरक नगण्य. काहीच न लावणारा किंवा नुसतं साधं तेल लावणारा तिसरा गट नव्हता. एवढ्या आधारावर आज रोझमेरी वॉटरच्या स्प्रे बाटल्यांचा धंदा चालला आहे. बाटलीत असतं काय, तर पुष्कळदा भट्टीचं पाणी किंवा नुसता काढा; अभ्यासातल्या द्रावणाशी त्याचं नातं कोणी तपासलेलं नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. सुगंध म्हणून रोझमेरीला तोड नाही. लिंबूवर्गी वासांना कणा देणारं, लव्हेंडरला गुळचट होऊ न देणारं तेल म्हणून ती अत्तरवाल्याच्या फळीवर हवीच. औषध म्हणून तिची बाजू अजून कच्ची आहे. तरी तेल घ्यायचंच असेल तर बाटलीवर वनस्पतीचं लॅटिन नाव आणि मूळ देश छापलेला आहे का ते पाहा. २०१७पासून शास्त्रज्ञ तिला साल्व्हिया रोझमरिनस म्हणतात. जुनं रोझमरिनस ऑफिसिनालिस नावही चालतं. तेल थेट कातडीवर लावू नका, खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन-तीन थेंबच मिसळा. आणि त्यात कापूर व सिनिओल आहे हे लक्षात ठेवून फिट्सचा त्रास असलेल्यांपासून आणि तान्ह्या मुलांच्या नाकातोंडापासून ते लांब ठेवा.