फोचा वाडगा आणि आपला रक्तदाब

पूर्वी आपली धम्मसहल म्हणजे बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी. आता लोक पैसे साठवून श्रीलंकेला, थायलंडला जातात, आणि मुंबईहून थेट विमान मिळू लागल्यापासून व्हिएतनामलाही. 2025 च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांचा वेसाक दिन हो ची मिन्ह शहरात साजरा झाला, तेव्हापासून विहारात या देशाची चौकशी जरा जास्तच होते. पासपोर्ट, व्हिसा, कपडे, सगळं विचारून होतं. जेवणाबद्दल मात्र एकच प्रश्न येतो, ‘तिथं आपलं जेवण मिळतं का?’

मिळतं. सहल कंपन्या जाहिरातीतच ‘रोज भारतीय जेवण’ असं ठळक छापतात. ते जेवण म्हणजे लोणी घातलेलं पनीर, तळलेल्या पुऱ्या, मैद्याची नान आणि वर गुलाबजाम. आपल्या घरात भाकरी, बेसन, सुकट, पालेभाजी. मग हे ‘आपलं’ नेमकं कुणाचं, हा प्रश्न वेगळा. पण साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाने सात दिवस असं खाल्लं तर काय होतं ते तपासणीच्या वहीत दिसतं. त्यामानाने व्हिएतनामी खाणावळीतलं साधं जेवण बरं. तेल कमी, शिजवणं जास्त, आणि प्रत्येक ताटासोबत पुदिना, कोथिंबीर, तुळशीच्या जातीची पानं, मोड आलेले मूग. गोई कुऑन नावाची गुंडाळी तर तळतही नाहीत. तांदळाच्या पातळ पापडात कोळंबी, मांस आणि पाला गुंडाळून तशीच देतात.

त्या देशाचं सर्वांत नावाजलेलं जेवण म्हणजे फो. लिहिताना आपण फो लिहितो, पण उच्चार ‘फ’च्या जवळचा. तांदळाच्या चपट्या शेवया, वर मांसाचे काप, आणि हाडं तासन्‌तास उकळून काढलेला रस्सा. त्यात भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची. हे मसाले वाचून कुणालाही परकं वाटू नये, आपल्या काळ्या मसाल्यातलेच आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंचांच्या राजवटीत, उत्तरेकडे हनोई आणि नाम दिन्ह भागात फो रूढ झाला. गोऱ्यांच्या ताटासाठी गुरं कापली जाऊ लागली, हाडं स्वस्तात मिळू लागली आणि गरिबांनी त्यातून हे जेवण उभं केलं, असं सांगितलं जातं. 1954 मध्ये देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतून दक्षिणेत गेलेल्या लोकांनी ते सोबत नेलं.

वाडग्यात काय काय असतं बघा. पातळ कापलेलं मांस, छातीकडचा चरबीचा तुकडा, मऊ शिजलेल्या शिरा, वजडी. वजडीच्या त्या पापुद्र्यांना तिथं ‘साच’ म्हणतात, आणि पुस्तकालाही साचच म्हणतात. पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे दिसतात म्हणून. हुए शहराच्या बुन बो हुए या झणझणीत शेवयांमध्ये शिजवून घट्ट केलेल्या रक्ताचे चौकोनी तुकडेही येतात. आपल्याकडे त्याला रक्ती म्हणतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात हे सगळं मराठवाड्याच्या संदर्भात लिहून ठेवलं आहे. ज्या अन्नावरून आपल्या आजी-पणजीला गावाबाहेर ठेवलं गेलं, ज्याचा बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाशी संबंध जोडला, त्याच जातीचं अन्न तिथं मोटारीतून आलेला साहेब आणि सायकलवरून आलेला हमाल शेजारी बसून खातात. कुणी नाकाला पदर लावत नाही. आपल्या मंडळींपैकी काहीजण मात्र तिथंही दबक्या आवाजात विचारतात, ‘हे कसलं मांस आहे?’ खायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. पण न खाण्याचं कारण लाज हे नसावं.

आता दवाखान्यातलं बोलू. वजडी, कलेजी, रक्ती यांतलं लोह अंगाला लवकर लागतं आणि महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. तेव्हा भीती मांसाची नाही. भीती रश्श्यातल्या मिठाची आहे.

व्हिएतनामी स्वयंपाकात मिठाचं काम बरंचसं नुओक माम करतं. छोटे मासे आणि मीठ पिंपात महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं हे पाणी. वास सुकटीच्या कुळातला, चव उत्तम. पण त्याच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 3 ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही. फोच्या रश्श्यात नुओक माम असतं, वरून मीठ आणि बहुतेक दुकानांत अजिनोमोटोही. त्यातही सोडियम आहेच, मिठाच्या साधारण एक तृतीयांश. वाडगा तळापर्यंत प्यायला की दिवसाच्या वाट्याचं निम्मं मीठ, कधी त्याहून जास्त, एकाच जेवणात पोटात गेलं.

आमच्या वस्तीतल्या एक काकू सहलीहून आल्या त्या सुजलेले पाय घेऊनच. गोळ्या एकही चुकवली नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं ताई, बाहेरच्या पाण्याची भीती वाटली म्हणून पाण्याऐवजी रस्साच पीत होते. उकळलेला असतो ना!’ विचार चुकीचा नव्हता, मिठाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी शेवया, मांस, पाला खावा आणि रस्सा निम्म्याहून जास्त वाडग्यात तसाच ठेवावा. टेबलावरच्या बाटल्यांना हात लावू नये. चवीला लिंबू पिळावं आणि मिरची घ्यावी. पाणी सीलबंद बाटलीतलंच.

दुसरी जपण्याची गोष्ट कच्चेपणा. फो मागताना ‘ताय’ म्हटलं तर मांसाचे कच्चे काप वर ठेवून गरम रस्सा ओततात. ‘चिन’ म्हणजे पूर्ण शिजलेलं. चिनच मागा. ताज्या रक्ताचा न शिजवलेला एक पदार्थही तिथं मिळतो, तो कुणीही खाऊ नये. डुकराच्या कच्च्या रक्तातून होणाऱ्या जंतुसंसर्गाने मेंदूज्वर होतो आणि वाचलेल्यांची ऐकण्याची शक्ती जाऊ शकते. आपली रक्ती शिजवलेली असते, हा फरक लक्षात ठेवा. बान मी हा पावाचा प्रकार छान, पण त्यातलं मेयोनीज कच्च्या अंड्याचं असू शकतं. 2024 च्या मे महिन्यात डोंग नाई प्रांतात एकाच दुकानाचे बान मी खाऊन 500 हून जास्त लोक आजारी पडले होते. हनोईच्या प्रसिद्ध अंड्याच्या कॉफीतही बलक कच्चाच फेटतात.

हे मी विशेषतः विदर्भातल्या सिकलसेलच्या रुग्णांसाठी लिहिते आहे. कच्च्या अंड्यातून, मांसातून येणारे साल्मोनेलाचे जंतू इतरांना दोन दिवस जुलाब देऊन जातात. सिकलसेलमध्ये ते थेट हाडात घर करू शकतात. जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचा झटका येतो तो वेगळाच. म्हणून कच्ची पानंसुद्धा उकळत्या रश्श्यात बुडवून खा, दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा, दारू नको. आणि ‘रक्त वाढेल’ म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

उपोसथ पाळणाऱ्यांची सोय तिथं आपल्यापेक्षा चांगली आहे. पाटीवर ‘चय’ शब्द बघा. उच्चार ‘जय भीम’मधल्या जयसारखा, फक्त चहातला च. चय म्हणजे शाकाहारी. तिथले बहुतेक भिक्खू शाकाहारी असतात, उपासक मात्र एरवी सगळं खातात आणि चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चय पाळतात. त्या दिवशी या खाणावळींत गर्दी असते. न खाणारा खाणाऱ्यापेक्षा वरचा, असं त्यात काही नाही. आपल्याकडे शाकाहार विचारला की मागे जात विचारलेली असते, त्यामुळे हे बघायला मला बरं वाटतं. फक्त चय म्हणजे बिनमिठाचं नव्हे. नुओक मामच्या जागी सोया सॉस येतो, तोही खारटच. मांसासारखे दिसणारे सोयाचे तयार तुकडे टाळून साधं टोफू आणि परतलेली पालेभाजी मागवा.

साखर असलेल्यांनी शेवया निम्म्या ठेवाव्यात आणि आधी पाला, मांस किंवा टोफू खावं. तिथली बर्फाची कॉफी घट्ट गोड दुधात करतात, ती घेऊ नये. ‘का फे देन खोंग दुओंग’ म्हटलं की बिनसाखरेची काळी कॉफी येते. ती कडक असते, संध्याकाळनंतर नको. साखरेची जी गोळी किंवा इन्सुलिन जेवणासोबत असतं, ते बसमध्ये घेऊ नका. रस्त्यात वाहतूक अडते, जेवण तासभर लांबतं आणि साखर एकदम उतरते. वाडगा समोर आला की मगच घ्या.