पागोळी जाते कुठे?

२२ जुलै २०२१च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. घाटाखाली पोलादपूर तालुक्यातल्या कापड्यात शंभर चौरस मीटरच्या छपरावर असा पाऊस पडला, तर दिवसात ५९ हजार लिटर पाणी अंगणात उतरेल. दहा हजारांचे जवळजवळ सहा टँकर! इथल्या घराचा आराखडा या पाण्याच्या वाटेपासून सुरू व्हायला हवा.

जुन्या घरांना ती वाट ठाऊक होती. उतरत्या कौलांवर पाणी थांबत नाही. पुढे आलेली वळचण झड भिंतीपर्यंत येऊ देत नाही. उंच जोत्यामुळे पागोळीचे शिंतोडे आणि जमिनीतली ओल खालीच राहते. सपाट स्लॅबचं उलट. उन्हात काँक्रीट प्रसरण पावतं, रात्री आकसतं, बारीक तडे जातात. पाणी सळीपर्यंत पोचलं की ती गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात. म्हणून चार पावसाळ्यांत स्लॅबवर पत्र्याची शेड चढते. ते उतरतं छप्पर पहिल्याच नकाशात असतं, तर दोनदा खर्च झाला नसता.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चोंढीला, स्टुडिओ मुंबई या वास्तुरचना संस्थेने ‘कॉपर हाउस २’ हे घर बांधताना विहिरीची माती वापरून घराची जागा उंच केली. पुराच्या सखल जमिनीसाठी हे उत्तम.

डोंगरउतारावर मात्र प्रश्न वेगळा. सपाटी मिळावी म्हणून मागचा उतार उभा कापला, की वरच्या मातीचा पायाचा आधार जातो. बसाल्टवरची माती पाण्याने भरली की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, घर्षण कमी होतं. माती जड आणि पकड सैल. त्याच २२ जुलैला महाडच्या तळियेवर, पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. एवढी मोठी दरड कुठल्याही घराच्या भिंतीला पेलणार नाही. म्हणून जागेची भूवैज्ञानिक पाहणी नकाशाच्या आधी व्हावी, असं मी आग्रहाने सांगतो.

जागा सुरक्षित ठरली, तर उतार कमीत कमी कापून घर टप्प्याटप्प्याने बसवावं. मागे, वरच्या अंगाला चर खणावा. संरक्षक भिंतीमागे दगडगोट्यांचा थर आणि भिंतीत पाणी झिरपायला भोकं ठेवावीत. पागोळीचं पाणी पन्हळीत धरून थेट ओढ्याकडे न्यावं. घरामागच्या मातीत ते कधीच मुरू देऊ नये.