मावा किती वाढेल? दोन मोजण्यांवरून समीकरण मांडण्याची रीत

करडई हे सोलापूर, परभणी, लातूर इत्यादी जिल्ह्यांतील रब्बी हंगामाचे तेलबियांचे पीक होय. मावा हा त्याचा प्रमुख शत्रू असून तो कोवळ्या शेंड्यांतील रस शोषून घेतो. "आज थोडाच मावा आहे, आठवड्याने पाहू" असे म्हणून पुष्कळदा उपायाची वेळ टळते. माव्याची वाढ बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने होते, हे ध्यानात न घेतल्याचा हा परिणाम आहे. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले प्रसवते व तीही थोड्याच दिवसांत प्रसवू लागतात.

अशा वाढीचे समीकरण पुढीलप्रमाणे असते :

य = अ × ब^न

येथे 'य' ही माव्याची संख्या, 'अ' ही आरंभीची संख्या, 'ब' हा दर आठवड्याचा गुणक आणि 'न' हे गेलेले आठवडे होत. 'ब^न' म्हणजे 'ब' हा आकडा 'न' वेळा घेऊन केलेला गुणाकार. 'अ' आणि 'ब' काढण्यास दोन मोजण्या पुरतात.

उदाहरणार्थ, शेतात विखुरलेली 20 झाडे निवडून प्रत्येकाच्या शेंड्यावरील मावा मोजला. सरासरी संख्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस 12 व तिसऱ्याच्या अखेरीस 48 आली, असे समजू.

1. दुसऱ्या संख्येस पहिलीने भागावे : 48 ÷ 12 = 4.
2. मधले अंतर दोन आठवड्यांचे असल्याने वर्गमूळ घ्यावे : ब = 2. अंतर तीन आठवड्यांचे असल्यास घनमूळ घ्यावे.
3. पहिल्या मोजणीस 'ब'ने भागावे : अ = 12 ÷ 2 = 6.

म्हणून समीकरण य = 6 × 2^न. तिसऱ्या आठवड्यासाठी 6 × 2 × 2 × 2 = 48 येतात; म्हणजे उत्तराचा पडताळा जमला.

आता चौथ्या आठवड्याचा अंदाज पाहावा. दोन आठवड्यांत 36 वाढले, म्हणून एका आठवड्यात 18 वाढतील, असे धरल्यास 66 येतात. समीकरणाप्रमाणे 96 येतात. पाचव्या आठवड्यास हेच आकडे 84 व 192 होतात. बेरजेवर विसंबणारा शेतकरी येथेच फसतो.

दोन्ही वेळा मोजणीची रीत एकच ठेवावी. पहिली सरासरी शून्य असल्यास भागाकार करता येत नाही. तेव्हा मावा दिसू लागल्यावरच मोजणीस आरंभ करावा. हवामान पालटल्यास, ढालकिड्यांनी मावा खाल्ल्यास अथवा शेंड्यांवर दाटी झाल्यास वाढ मंदावते. म्हणून दर आठवड्यास पुन्हा मोजून 'ब' नव्याने काढावा.

मावा प्रथम बहुधा शेताच्या कडेच्या झाडांवर येतो. तेथील मावाग्रस्त शेंडे वेळीच खुडून नष्ट करावेत. समीकरणाने काढलेली पुढील आठवड्याची संख्या कृषी विद्यापीठाने ठरविलेल्या नुकसानीच्या पातळीपलीकडे जात असल्यास शिफारशीप्रमाणे उपाययोजना करण्यास विलंब लावू नये.