पायी सहल आणि खिशातला कॅमेरा

शाळेची सहल गडावर जाऊन आली, की दुसऱ्या दिवशी मुले फोटो दाखवायला घेऊन येतात. फोटो दीडशे असतात; पण त्यांत गड कुठे आहे, हे शोधावे लागते! बुरुजापुढे मुले, दरवाजापुढे मुले, तोफेवर बसलेली मुले. हौसेचे फोटो जरूर काढावेत, माझी त्याला ना नाही. परंतु पायी हिंडणारा माणूस जिथे पोहोचतो तिथे मोटार पोहोचत नाही, आणि पुष्कळदा खात्याचा अधिकारीही पोहोचलेला नसतो. तेव्हा त्याने काढलेला फोटो हा कधीकधी त्या दगडाचा एकुलता एक पुरावा होऊन बसतो. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या प्रकारच्या फोटोविषयी.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. २००१ साली आम्ही चार मित्र मावळात पायी हिंडत होतो. मजजवळ मामांकडून मागून आणलेला कॅमेरा होता आणि आत छत्तीस फोटोंचा एकच रोल. एका गावी मारुतीच्या देवळाबाहेर वीरगळ उभा होता. वीरगळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असतो. लढाईत किंवा गुरे राखताना पडलेल्या वीराचे हे स्मारक. खालच्या चौकटीत झुंज, तिच्यावर वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य आहेत तोवर याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. या वीरगळावर दोन चौकटींमधल्या पट्टीत एक ओळ अक्षरेही कोरलेली होती. “काहीतरी लिहिलंय रे,” असे कोणीतरी म्हणाले. मग तिघे त्याच्यापुढे उभे राहिले आणि मी फोटो काढला.

पुढे मी कॉलेजात शिकवू लागलो, असल्या ओळींची किंमत कळू लागली, आणि २०१४ साली मुद्दाम त्या गावी गेलो. देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. वीरगळ नव्या चौथऱ्याच्या सिमेंटमध्ये निम्मा गाडला गेला होता आणि उरलेल्या भागावर शेंदरी ऑइलपेंटचे हात चढले होते. गावकऱ्यांनी ते भक्तिभावानेच केले. त्यांना बोल लावून काय उपयोग? घरी येऊन मी जुना फोटो शोधून काढला. ओळीची पहिली तीन अक्षरे दिसतात. पुढची सगळी एका मित्राच्या गुडघ्यामागे आहेत. तो मित्र आज चांगल्या हुद्द्यावर आहे; पण भेटला की माझी नजर आधी त्याच्या गुडघ्याकडे जाते.

मूळ वस्तू गेली आणि तिचे चित्र तेवढे उरले, असे जगात पुष्कळदा झाले आहे. चित्रही गेले, असेही झाले आहे. मेजर रॉबर्ट गिल या चित्रकाराने १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यास खपून तेथील भित्तिचित्रांच्या मोठाल्या प्रतिकृती रंगविल्या. त्या लंडनला पाठवल्या, आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाल्या. सुदैवाने गिल कॅमेराही वापरीत असे. त्याने काढलेल्या लेण्यांच्या फोटोंचे पुस्तक १८६४ सालीच निघाले होते.

आता प्रत्यक्ष वाटेवर येऊ. उदाहरणादाखल पुणे-लोणावळा मार्गावरील मळवली स्टेशनावर उतरून भाजे गावातून लेणी पाहायची आणि पुढे लोहगडावर जायचे, अशी सहल घ्या. शाळेच्या मुलांना एका दिवसात झेपते.

पहिला प्रश्न उजेडाचा. भाज्याची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. म्हणजे सकाळी तुम्ही तिथे पोहोचता तेव्हा डोंगर स्वतःच्या सावलीत असतो, आणि उतरत्या दुपारी ऊन समोरून आत शिरते. सकाळच्या सावलीत सगळी रचना सारखी दिसते. चैत्यगृहाचा आणि बाहेरच्या स्तूपांचा फोटो तेव्हा घ्यावा. पण कोरीव अक्षरांना सावली उपयोगाची नाही. तिथल्या पाण्याच्या एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत याच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. असली उथळ अक्षरे समोरून उजेड पडला की जणू पुसून जातात. उजेड बाजूने, दगडाला घासून यावा लागतो. मग प्रत्येक रेघेच्या कडेला सावली धरते आणि अक्षर उठून दिसते. तिरपे ऊन नसेल तर एकाने बाजूला उभे राहून विजेरी दगडाशी आडवी धरावी, दुसऱ्याने फोटो घ्यावा. अक्षरांत खडू भरणे, तेल किंवा पाणी लावणे, पीठ चोळणे हे मात्र कदापि करू नये.

भाज्याच्या चैत्यगृहाचे खांब किंचित आत कललेले आहेत. छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्याही आहेत. आता गंमत अशी, की फोन वर करून उंच गोष्टीचा फोटो घेतला, तर सरळ खांबही आत कललेले दिसतात. मग फोटोत दिसणारा कल कारागिराचा किती आणि आपल्या मनगटाचा किती, हे पाहणाऱ्याला कसे कळावे? म्हणून मागे सरकावे, फोन भिंतीसारखा उभा धरावा आणि मगच बटण दाबावे. संरक्षित स्मारकात तिवई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते, हेही गुरुजींनी ध्यानात ठेवावे.

लोहगडावर गेल्यावर अडचण वेगळी. आपला कातळ काळा, आणि वरचे आभाळ लख्ख. कॅमेरा गोंधळतो आणि तटबंदी कोळशासारखी येते. फोनच्या पडद्यावर दगडावर बोट टेकवले, की तो दगडाचा हिशोब धरतो. आभाळ पांढरे पडेल, पडू द्या. आपल्याला दगड हवा आहे.

निसर्गाचा फोटो आणि इतिहासाचा फोटो निराळा, असे आपण समजतो. मला ते पटत नाही. गडाचा एकटा बुरुज फोटोत काहीच सांगत नाही. पण लोहगडाचा विंचूकाटा, पलीकडचा विसापूर आणि खालची वाट एका चित्रात आली, की हा गड इथेच का बांधला आणि बोरघाटावर नजर कशी राहत होती, हे वर्गात पाच मिनिटांत समजावता येते. असा फोटो दिवाळीच्या सुमारास काढावा. पावसाने हवा धुतलेली असते, पवनेच्या जलाशयापलीकडचे तुंग आणि तिकोना स्वच्छ दिसतात. चैत्र-वैशाखात धुरकटपणामुळे लांबचे डोंगर नुसते पुसट होतात. फोटोसाठी कड्याच्या टोकाशी मात्र मुलांना जाऊ देऊ नये.

लोहगडाचे नाव २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेले. त्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले एकत्र घेतले आहेत. त्यांचे फोटो काढणारे पुष्कळ मिळतील. तुमच्या गावच्या वेशीवरचा वीरगळ, बारवेच्या पायरीतला कोरीव दगड, बांधावरची सतीशिळा यांचे कोण काढणार? ते काम गावच्या शाळेचेच आहे, असे मी धरून चालतो. प्रत्येक वस्तूचे तीन फोटो पुरेत: एक लांबून, म्हणजे ती कुठे उभी आहे ते कळेल; एक समोरून, शेजारी कंपासपेटीतली पट्टी उभी ठेवून, म्हणजे माप कळेल; आणि एक अगदी जवळून. माणसे बाजूला. गावात कोणी त्या दगडाची हकीकत सांगितली, तर ती त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावी. पूजेतला दगड असेल तर आधी पुजाऱ्याला विचारावे, बहुधा “काढा की!” असेच उत्तर येते.

राहता राहिली जपणूक. फोन पाण्यात पडतो, हरवतो, आणि त्याबरोबर सगळी सहल बुडते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीप्रमाणे फोटो पाठवला तर तो आक्रसतो आणि बारीक अक्षरे विरघळतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. निवडक फोटो तालुक्याच्या गावी छापून आणावेत आणि शाळेच्या कपाटात ठेवावेत. मागे गाव, जागा, तारीख आणि वस्तूचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहावे. लिहिताना पेन्सिल हलक्या हाताने चालवावी. शाई कागदातून पुढे उतरते, आणि जोर दिला तर पुढच्या बाजूला वळ उमटतात.