हरताळाखालचा आकडा

इंदूर हे गाव आम्हां वर्ध्याच्या लोकांना तसे परके नाही. होळकरांची राजधानी, मराठी बोलणारी जुनी घरे, इकडच्या मुली तिकडे आणि तिकडच्या इकडे अशा पिढ्यान् पिढ्यांच्या सोयरिकी. त्या इंदुरात सीमा सुरक्षा दलाची हत्यारे आणि डावपेच शिकविणारी एक मोठी शाळा आहे. शाळेपाशी जुन्या हत्यारांचा संग्रह आहे. त्या संग्रहात एक लहानसे पिस्तूल कित्येक वर्षे इतर पिस्तुलांच्या पंक्तीत निमूटपणे पडून होते. पंजाबातील फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेतून १९६९ साली जी काही हत्यारे इंदुरास आली, त्यांतलेच ते एक. गंज चढू नये म्हणून कोणा काळजीवाहू माणसाने त्याला काळा रंग फासला होता. साऱ्याच हत्यारांना फासला होता, त्यालाही फासला.

२०१६ साली जुनी दप्तरे चाळून हत्यारांचा तपास सुरू झाला आणि रंग खरवडण्याचे काम हाती घेण्यात आले. एका पिस्तुलाचा रंग निघाला तेव्हा खालून आकडा वर आला : १६८८९६. दप्तरातला आकडाही तोच होता! अमेरिकेतल्या कोल्ट कारखान्याचे पॉइंट ३२ बोराचे हे पिस्तूल म्हणजे १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्सवर झाडलेले भगतसिंगांचे पिस्तूल. त्या दिवशी पहिली गोळी झाडली ती आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी. त्या खेडला आज आपण राजगुरुनगर म्हणतो. असे हे पिस्तूल अनेकांच्या नजरेखालून गेले असेल, आणि कोणी त्याच्यापुढे क्षणभर थबकलेही नसेल. पुढे २०१७ साली ते पंजाबात हुसैनीवाला येथे नेण्यात आले.

हे सारे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पिस्तूल उभे राहिले नाही, पोथी उभी राहिली. त्याला माझा धंदा कारण. जुन्या हस्तलिखितांत लेखनिकाच्या हातून अक्षर चुकले की तो त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई आणि वरून नवे अक्षर लिही. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथलाच. शेदोनशे वर्षांनी तो लेप कुठे कुठे टवके होऊन उडतो आणि खालचे अक्षर हळूच डोके वर काढते. मग आम्ही पंतोजी मंडळी भिंग लावून बसतो आणि लेखनिकाने झाकले ते चुकीचे होते की वर लिहिले ते, याचा काथ्याकूट करतो. हत्याराच्या अंगावरही असाच हरताळ असतो, ही गोष्ट मात्र मला आमच्याच जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका वाड्यात कळली.

वाडा एका जुन्या मालगुजार घराण्याचा. मालगुजारी १९५१ साली गेली. जमीन गेली, दिवाणखान्यातली झुंबरे गेली. एक पाचबारी रिव्हॉल्व्हर तेवढे परवान्यासह वारसाहक्काने खाली उतरत आले. घरातल्या वडीलधाऱ्यांना सारे गाव दादासाहेब म्हणते, मीही तेच म्हणतो. त्यांचा निरोप आला, “सर, खंडेनवमी जवळ आली. नातू पिस्तूल चमकवून आणतो म्हणते. तुम्ही एकदा पाहून घ्या न.”

मी काय पाहणार, कपाळ! हत्याराशी माझा संबंध पोवाड्यापुरता. पण दादासाहेबांना पाहून घ्यायची होती ती एक आख्यायिका. छप्पनच्या दुष्काळात त्यांच्या आजोबांनी धान्याची पेवे उघडली, म्हणून साहेबाने त्यांना चांदीचे पिस्तूल बक्षीस दिले, असे त्या घरात तीन पिढ्या सांगत आले आहेत. नातू शिकलेला. त्याला ही गोष्ट भाकड वाटते. आजोबांना ती प्राणाइतकी प्यारी. नातवाने चेष्टेत काही बोलावे आणि आजोबांनी दोन दिवस अबोला धरावा, अशी पाळी आलेली. मी आपला शहाणपणा केला, पुलगावच्या एका निवृत्त गृहस्थांना सोबत नेले. त्यांचे आयुष्य लष्करी हत्यारांच्या दुरुस्तीत गेलेले. पुलगावला दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे हे वाचकांना ठाऊकच असेल. त्या गावात अशी माणसे सापडतात.

त्यांनी आधी रिव्हॉल्व्हर उघडून पाचही घरे रिकामी असल्याची खात्री केली, दोनदा केली आणि मगच ते उजेडाला धरले. पहिले वाक्य असे : “दादासाहेब, हे चांदीचे नाही. निकेल आहे.” दादासाहेबांचा चेहरा उतरला. नातू हसणार होता, पण गृहस्थांनी त्यालाही हसू दिले नाही. “थांबा,” ते म्हणाले, “निकेल कोणी चढवले ते पाहू.”

त्यानंतरचा तासभर मी माझ्या वर्गातल्या एखाद्या हुशार विद्यार्थ्यासारखा ऐकत होतो. पोलादावर कारखान्यातून बहुधा दोन प्रकारची कांती येते. एक निळसर काळी झिलई. ती रंगाची नसते. पोलादाला मुद्दाम, हिशेबाने गंज आणायचा, तो उकळत्या पाण्यात काळा करायचा, ब्रशाने झाडायचा, आणि असे पुनःपुन्हा करायचे, तेव्हा ती अंगात मुरते. गंजाने गंजाला अडवायचे, अशी ही युक्ती. कढत क्षारांच्या द्रावणात बुडवून झटपट काळे करण्याची रीत रूढ झाली ती १९३० नंतरच्या दशकात. म्हणून १९१० सालचे हत्यार काजळासारखे लखलखीत काळे दिसले तर कान टवकारावेत. दुसरी कांती निकेलच्या मुलाम्याची. निकेलला किंचित पिवळसर, दुधाळ झाक असते. क्रोमियमची झाक निळसर, आणि क्रोमियमचा मुलामा बाजारात आला तो १९२० नंतरच. तेव्हा आजोबांच्या आजोबांचे पिस्तूल क्रोमियमने झळकत असेल तर ती झळाळी नंतरची हे सांगायला ज्योतिषी नको.

दादासाहेबांचे रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचे, पॉइंट ३२ बोराचे, मधून मोडून उघडणारे. त्या कारखान्याची एक खोड आमच्या गृहस्थांना पाठ होती. नळीला आणि चौकटीला निकेल दिले तरी घोडा आणि चाप यांना कारखाना निकेल देत नसे; ते मोरपिशी-तपकिरी छटांचे, कडक केलेल्या पोलादाचेच ठेवी. अशा जुन्या मधून मोडणाऱ्या नमुन्यांत चापाभोवतीचे कडेही निळेच असे. इथे घोडा रुपेरी, चाप रुपेरी, कडेही रुपेरी. “बोहल्यावर नवरीबरोबर भटजीलाही मुंडावळ्या बांधल्या,” गृहस्थ म्हणाले, आणि दादासाहेबही हसले.

मग त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. नळीवर गंजाने पाडलेले बारीक खड्डे होते, आणि खड्ड्यांच्या तळाशीही निकेल चमकत होते. कारखान्यातून खड्डे पडलेले पोलाद मुलाम्याला जात नाही. म्हणजे आधी गंज, मग मुलामा. स्क्रूंच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झालेल्या. नळीच्या पाठीवरच्या कारखान्याच्या नावाची अक्षरे मध्येच पुसट, जुन्या नाण्यासारखी. ही सारी घासचाकाची करामत. मुलामा देण्यापूर्वी पोलाद घासून गुळगुळीत करावे लागते, आणि घासणाऱ्याला अक्षरे वाचता येत असली तरी चाकाला येत नाहीत. मुठीची एक फळी काढली तेव्हा तिच्या आतल्या अंगावर हत्याराचाच क्रमांक लिहिलेला सापडला. म्हणजे फळ्या मूळच्या. आणि फळीखाली, जिथे चाक पोचले नव्हते अशा एका कोपऱ्यात, नखाएवढी निळी झिलई शिल्लक होती. रिव्हॉल्व्हर जन्माने निळे होते.

गंमत अशी की प्रत्येक वेळी झळाळीच संशयास्पद ठरते असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात वेब्ली कारखान्याला घासकामाला सवड नव्हती. तेव्हा त्याने आपल्या पॉइंट ३८ च्या रिव्हॉल्व्हरांवर ‘वॉर फिनिश’ असा सरळ ठसाच मारला. जणू कारखान्याने छापून दिलेली दिलगिरी! अशा हत्यारावर ओरखड्यांसह खरबरीत पोलाद हेच अस्सल. ते आरशासारखे दिसले की कोणीतरी हात मारला समजावे. उलट, दुरुस्ती कारखान्यातच झाली असेल तर तीही प्रामाणिकपणे नोंदवलेली आढळते. स्मिथ अँड वेसनकडे परत गेलेल्या हत्याराच्या क्रमांकाजवळ चांदणी उमटवीत आणि मुठीखाली तारीख घालीत. दादासाहेबांच्या रिव्हॉल्व्हरवर ना चांदणी होती, ना तारीख.

“म्हणजे गोष्ट खोटी?” नातवाने विचारले. प्रश्न त्याचा, पण आवाज बराच खाली आलेला.

गृहस्थांनी चौकटीची डावी बाजू तिरप्या उजेडात धरली. तिथे पोलाद इतर ठिकाणांपेक्षा जास्त खोल घासलेले होते, बोट फिरवले तर उतार लागत होता. “इथे काही कोरलेले होते की नुसता गंज खोल होता, ते आता ब्रह्मदेवही सांगणार नाही. पहिल्या चमकावणाऱ्याने ते नेले. पण हे पाहा.” त्यांनी मुठीच्या बुडाकडे बोट दाखविले. क्रमांकाचा शेवटचा आकडा तीन की आठ हे भिंगातूनही कष्टाने कळत होते. आत चक्रीच्या मागच्या अंगावर तोच क्रमांक पुन्हा होता, म्हणून आठ असल्याचे ठरले. “आणखी एकदा चाकाखाली गेले की हा गेला.”

आणि तो जाणे ही नुसती हळहळीची बाब नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे बंदुकीवरचे नाव, क्रमांक वा ओळखीची खूण पुसणे, काढणे, बदलणे हा गुन्हा आहे. हत्याराची दुरुस्तीही परवानाधारक कारागिराकडेच करावी लागते. नातवाने ज्याच्याकडे जायचे ठरविले होते तो मोटारसायकलींच्या सायलेन्सरना मुलामा देणारा होता. दादासाहेबांनी नातवाकडे असे काही पाहिले की मला एखाद्या ऐतिहासिक नाटकाच्या तिसऱ्या अंकाची आठवण झाली.

क्रमांक शिल्लक आहे तोवर एक वाट उघडी आहे. जुन्या स्मिथ अँड वेसनचा क्रमांक कळविला तर ते हत्यार कारखान्यातून कधी बाहेर पडले, कोणत्या दुकानाकडे गेले आणि तेव्हा त्याची कांती निळी होती की रुपेरी, हे जुन्या वह्यांत पाहून फी घेऊन अमेरिकेतून लिहून कळवितात. १९०० च्या आसपासची तारीख आली तर दादासाहेबांच्या गोष्टीला टेकू मिळेल. १९१५ ची आली तर दुष्काळ आणि बक्षीस यांची फारकत होईल. पत्र लिहिण्याचे काम नातवाने आपण होऊन अंगावर घेतले आहे. दादासाहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “सर, उत्तर उशिरा आलं तरी चालते.”

खंडेनवमीला मी मुद्दाम गेलो होतो. दरवर्षी रिव्हॉल्व्हरवर पाणी शिंपडून हळदकुंकू वाहत आणि ते तसेच सांदीकोपऱ्यांत ओलसर राहून जाई. यंदा सूनबाईंनी ते कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर ठेवले. हळदकुंकू वाहिले ते पाटाला.