खड्डा कोणाचा?

बालमित्रांनो, असे समजा की तुमच्या शाळेच्या रस्त्यावर मोठा खड्डा पडला आहे आणि रोज कोणाची तरी सायकल त्यात अडखळते. तो बुजवायचा कोणी? तुम्ही म्हणाल, कौन्सिलने. (कौन्सिल म्हणजे आपल्या आजीआजोबांच्या भाषेत नगरपालिका.) बरोबर! पण कोणत्या कौन्सिलने? केंब्रिजमध्ये कचऱ्याचे डबे रिकामे करते ती सिटी कौन्सिल, आणि रस्ता दुरुस्त करते ती काउंटी कौन्सिल. स्लाऊमध्ये दोन्ही कामे एकच कौन्सिल करते. लंडनमध्ये साधा रस्ता तुमच्या बरोचा असतो, पण कडेला लाल रेघा मारलेला मोठा रस्ता बहुधा ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचा. मोटरवे आणखी तिसऱ्याच संस्थेकडे. चुकीच्या दारावर थाप मारली की टोलवाटोलवी सुरू होते. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण काही फक्त भारतापुरती नाही.

हा गुंता सोडवणारा एक संगणक प्रोग्रॅम आहे. त्याचे नाव फिक्समायस्ट्रीट. मायसोसायटी ही संस्था टॉम स्टाइनबर्ग यांनी २००३ साली सुरू केली आणि तिने २००७ साली हा प्रोग्रॅम लोकांसाठी खुला केला. तुम्ही पोस्टकोड टाकायचा, नकाशावर खड्ड्याच्या जागी बोट ठेवायचे आणि चार ओळी लिहायच्या. तक्रार योग्य त्या कौन्सिलकडे जाते आणि सगळ्यांना वाचताही येते. आपले नाव दाखवायचे नसेल तर लपवता येते. चार आठवड्यांनी प्रोग्रॅम आपणहून विचारतो, ‘काम झाले का?’

आता यातली खरी गंमत. नकाशावरचा तुमचा ठिपका कोणत्या कौन्सिलच्या हद्दीत आहे, हे संगणकाला कसे कळते? त्याला आपल्यासारखे डोळे नाहीत. त्याच्याकडे असते फक्त हद्दीच्या कोपऱ्यांची लांबलचक यादी. यासाठी एक जुनी युक्ती आहे, ती घरी करून पाहा. कागदावर एक वेडीवाकडी बंद आकृती काढा. कोठेही एक ठिपका द्या. ठिपक्यापासून कागदाच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढा आणि ती आकृतीच्या हद्दीला किती वेळा छेदते ते मोजा. संख्या विषम आली तर ठिपका आत, सम आली तर बाहेर! (रेघ हद्दीला नुसती घासून जात असेल तर थोडी तिरकी काढा.) आकृती कितीही नागमोडी असली तरी नियम चुकत नाही. का चुकत नाही, याचा विचार करा आणि पुढच्या वर्गात सांगा.

युक्ती सोपी आहे, पण हद्दी कोठून आणायच्या? नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचे. हद्दींचे नकाशे आणि पोस्टकोडांच्या जागा तिने २०१० साली सर्वांना फुकट दिल्या, तेव्हा असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम पुष्कळ हलके झाले. तरी ते संपत मात्र नाही. २०२३ साली नॉर्थ यॉर्कशरमधल्या सात जिल्हा कौन्सिली गेल्या आणि काउंटीसकट सगळ्यांची मिळून एकच झाली. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या आणि ६५० खासदारांपैकी निम्म्याहून जास्त नवे आले. एवढे सगळे कोणीतरी बसून प्रोग्रॅममध्ये भरावे लागते. नवीन खेळ तयार करणारा प्रोग्रॅमर सगळ्यांना माहीत असतो. जुनी यादी नीट ठेवणारा कोणालाच माहीत नसतो. मला विचाराल तर दुसऱ्याचे काम जास्त कठीण.

मॅथ्यू सॉमरव्हिल हे अशा कामातले एक. फिक्समायस्ट्रीटचे बरेचसे काम त्यांचे. एखादी गोष्ट नीट चालत नसेल तर कुरकुरत न बसता ती स्वतः करून पाहायची, हा त्यांचा स्वभाव दिसतो. ओडियन चित्रपटगृहांची वेबसाइट त्या काळी अनेकांना वापरता येत नसे, म्हणून त्यांनी सर्वांना वापरता येईल अशी तिची आवृत्ती तयार केली. २००४ साली कंपनीच्या सांगण्यावरून ती काढून टाकावी लागली. २०१० साली त्यांनी लंडनच्या ट्यूब गाड्या नकाशावर पळताना दिसतील असे चित्र बनवले. तुमच्यापैकी ट्यूबवेड्यांना ते नक्की आवडले असते!

याच मंडळींनी पंतप्रधानांकडे अर्ज करण्याची सोयही बांधली होती. नोव्हेंबर २००६ मध्ये ती सुरू झाली. रस्त्यावर मैलामागे पैसे घेण्याच्या योजनेविरुद्धच्या एका अर्जावर फेब्रुवारी २००७ पर्यंत सुमारे १८ लाख सह्या झाल्या. प्रत्येक सही खऱ्या ईमेलवरून आली आहे का हे प्रोग्रॅमला तपासायचे होते, तेही कोलमडून न पडता. तो बांधणाऱ्यांत ख्रिस लाइटफुट होते. मायसोसायटीचे पहिल्या फळीतले प्रोग्रॅमर, केंब्रिजचे. त्याच फेब्रुवारीत, अवघ्या २८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी हात लावलेल्या कामांपैकी राइटटूदेम आजही चालू आहे.

राइटटूदेमची गोष्ट फॅक्सपासून सुरू होते. फॅक्स काय ते बाबांना विचारा! २००० साली काही मित्रांनी ‘फॅक्सयुअरएमपी’ सुरू केले. तुम्ही संगणकावर पत्र लिहायचे आणि ते खासदारांच्या कचेरीत फॅक्सच्या कागदावर उमटायचे, कारण ईमेल वापरणारे खासदार तेव्हा थोडेच. २००५ साली त्याचीच पुढची आवृत्ती म्हणून राइटटूदेम आले. कौन्सिलर, खासदार, सगळ्यांना त्यातून लिहिता येते.

पालकांसाठी दोन शब्द. ‘आपण इथे पाहुणे, आपण कशाला बोलायचे’ असे आपल्यात अनेकदा म्हटले जाते. हे खरे नाही. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून, भारतीय पासपोर्ट असला तरी, इथे कायदेशीर राहणाऱ्या प्रौढांना मतदार यादीत नाव घालता येते आणि संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते. खड्ड्याची तक्रार करायला तर तेही लागत नाही. माहितीच्या अधिकाराचेही तसेच. महाराष्ट्राने त्याचा कायदा २००२ मध्ये केला आणि भारतभर तो ऑक्टोबर २००५ पासून आला. इथला कायदा १ जानेवारी २००५ पासून लागू आहे. भारतात अर्जाला दहा रुपये पडतात, इथे बहुधा काहीच नाही. त्याच संस्थेने २००८ साली सुरू केलेल्या व्हॉटडूदेनोवरून प्रश्न विचारला की उत्तर सर्वांसाठी तिथेच राहते.

मुलांनो, या सुट्टीत एक पत्र लिहून पाहा. उद्यानातला तुटलेला झोका, बंद पडलेला दिवा, काहीही चालेल. पत्र आपल्या शब्दांत लिहा, कारण अनेकांनी एकच मजकूर नकलून पाठवला तर राइटटूदेम तो अडवते. खाली आपला पत्ता आणि पोस्टकोड लिहायला विसरू नका. खासदार सहसा स्वतःच्याच मतदारसंघातल्या पत्रांना उत्तर देतात.