साक्षरतेचा टक्का वाढतो, म्हणजे नेमकं काय होतं?

आजचा विषय आकड्यांचा आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं आकड्यांत कशाला पडावं, असं तुम्ही म्हणाल. पण आकडा काय सांगतो आणि काय लपवतो, हा प्रश्न आमच्याच प्रांतातला आहे, बरं का.

आधी साक्षर कोण, ते ठरवू. सात वर्षं किंवा त्याहून मोठी जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती जनगणनेच्या लेखी साक्षर. नुसती सही येऊन भागत नाही. १९५१ साली देशात शंभर स्त्रियांमागे जेमतेम ९ साक्षर होत्या, पुरुष २७. २०११ मध्ये स्त्रिया सुमारे ६५ आणि पुरुष ८१. ही प्रगती मोठी आहे, ती नाकारण्याचं कारण नाही.

आता २०११ चेच आकडे वयाप्रमाणे वेगळे करू. १५ ते २४ या वयोगटात साधारण ९० टक्के तरुण आणि ८२ टक्के तरुणी साक्षर. फरक आठाचा. १५ वर्षांवरच्या सगळ्या प्रौढांत मात्र पुरुष ७९, स्त्रिया ५९. फरक थेट वीसाचा! आणि या प्रौढांमध्ये ते तरुणही मोजलेले आहेत. त्यांना बाजूला काढलं, तर थोरांमधली दरी आणखी रुंद दिसेल.

समजा, एका घरात चार बायका आहेत. आजी आणि सासूबाई निरक्षर, सून आणि नात साक्षर. टक्का पन्नास. उद्या आजी गेल्या. तिघींत दोघी साक्षर, म्हणजे टक्का ६७ झाला. शिकलं कोण? कुणीच नाही! सासूबाई होत्या तिथेच आहेत. औषध कधी घ्यायचं ते नातीला विचारतात आणि बँकेच्या कागदावर, वाचता येत नसताना, अंगठा उठवतात.

मुली शाळेत गेल्या म्हणून टक्का वाढला, हे खरंच. पण थोडा तो निरक्षर पिढी सरल्यामुळेही वाढतो. नुसत्या सरासरीवर समाधान मानलं, तर आपण त्या सासूबाईंच्या जाण्याची वाट पाहतोय, असा त्याचा अर्थ होतो. हे ऐकायला कठोर वाटेल, पण हिशोब तोच आहे.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळाही काढली. मुलं शिकली की पुढचं आपोआप होईल, असं त्यांनी मानलं नाही. दिवसभर राबणाऱ्याला सवड रात्रीच मिळते, हेही त्यांनी ओळखलं. आज प्रौढ स्त्रियांचा वर्ग संध्याकाळी सातला, ऐन स्वयंपाकाच्या वेळी ठेवायचा आणि ‘बायका येतच नाहीत’ म्हणायचं, याला काय म्हणावं?

तेव्हा यापुढे साक्षरतेचा आकडा ऐकला, की आपण एक प्रश्न जरूर विचारू: यात पन्नाशीच्या किती जणी नव्यानं वाचायला शिकल्या?